गळती

१९९४ सालचा दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. मी नववीत होतो. शाळेत जायच्या आधी दादांची जीप पुसायचं काम माझ्याकडं असायचं. चारठाणा ते जिंतूर शिटा मारणारी जुनी जीप. बसायला जागा नऊ जणांची, बसायचे पंधरा, बाजाराच्या दिवशी मागं लटकणारे वेगळे. गोकुळेश्वराचं देऊळ अन् गावातला उंच दगडी स्तंभ बघायला कधीमधी शहरातली माणसं यायची, तीही आमच्याच जीपनं. घर त्या गाडीवरच चालायचं. दोन एकर कोरडवाहू काळीत व्हायचा तेवढा कापूस उधारीतच जायचा.

त्या दिवशी मागच्या डाव्या चाकावर फडकं मारलं, तर टायरच्या आतल्या अंगाला काळा ओला ओघळ.

"दादा, चाकातून तेल गळायलंय."

"गप बस. शिटा बसायल्यात."

दादांना माझ्या आधीच ठाऊक होतं. दोन महिन्यांत दोनदा त्या चाकाचं ऑइल सील बदललं होतं. एकदा पोळ्यानंतर, एकदा दसऱ्याच्या तोंडावर. तालुक्याच्या गावचा मिस्त्री नवं सील ठोकायचा, पैसे घ्यायचा, अन् पंधरा दिवसांत पुन्हा तोच ओघळ. तिसऱ्यांदा पैसे नव्हते. मग दादा रात्री स्वतःच ड्रम काढायचे, तेलानं भिजलेले लायनर पेट्रोलनं धुवायचे, काडी लावून तेल जाळायचे अन् तेच पुन्हा बसवायचे. मी बॅटरी धरून उभा असायचो. आईला सांगू नको, एवढंच बोलायचे.

गावात मामू होते. बस स्टँडच्या मागं लिंबाखाली चार पत्र्यांचं त्यांचं गॅरेज. पण मामूंची मागची बाकी राहिली होती, म्हणून दादा त्या वाटेनं जातच नव्हते. स्टँडवर मामू दिसले तरी आरशाकडं बघितल्यासारखं करायचे.

त्याच दिवशी सुट्टी होती म्हणून मीही गाडीत बसलो. ओढ्याच्या उतारावर समोरून उसाचा ट्रक आला. दादांनी ब्रेक दाबला. डाव्या चाकाचे लायनर तेलकट, ते धरेनात, उजवीकडचे धरले. गाडी झटक्यानं उजवीकडं, ट्रकाच्या अंगावर ओढली. दादांनी स्टिअरिंग कसं फिरवलं मला सांगता येणार नाही. ट्रक वीतभर अंतरावरून गेला. पाठीमागं एक बाई तान्ह्या लेकराला घेऊन बसली होती. लेकरू झोपेतच होतं. बाई काहीच बोलली नाही, नुसती दादांकडं बघत राहिली.

दादांनी सगळ्यांना उतरवलं, पैसे परत दिले, मागून येणाऱ्या गाडीत बसवलं. मग हळूहळू गाडी थेट मामूंच्या लिंबाखाली आणून लावली.

मामूंनी बाकीचं नावही काढलं नाही. ओघळाला बोट लावलं, चोळलं, हुंगलं अन् माझ्या नाकाशी धरलं. सडक्या अंड्यासारखा उग्र वास. "ब्रेक ऑइल पातळ असतं, पाण्यासारखं. हे दाट हाय. हे नव्वद नंबर, हौसिंगमधलं." चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवून बघितलं. बेरिंगला खेळ नव्हता.

"सील किती बारी बदललं, भाऊ?"

"दोनदा."

"मंग सिलाचा काय गुन्हा?"

हौसिंग अजून गरम होतं. मामू गाडीखाली सरकले अन् मला जवळ बोलावलं. हौसिंगच्या वरच्या अंगाला बोराएवढी एक टोपी होती. पोळ्याच्या दिवशी पाणंदीत गाडी रुतली होती. तो काळा चिखल वाळून तिच्यावर सिमेंटसारखा बसला होता. मामूंनी पाना लावून ती सैल केली. फुस्स करून हवा बाहेर आली, बराच वेळ येत राहिली.

"ऐकलं का, बाबू? हा ब्रीदर. गाडी पळली की आतलं तेल तापतं, हवा फुगती. तिला इथून वाट पायजे. वाट बुजली की ती तेलाला ढकलती, अन् सील कितीबी नवं असू दे, तेल त्याच्या ओठाखालून निघतं."

ब्रीदर त्यांनी डिझेलमध्ये धुतला, तोंडानं फुंकून आरपार मोकळा झाल्याची खात्री केली. मग ड्रम उतरवला, ॲक्सल शाफ्ट ओढून काढला. सील जिथं घासतं तिथं नख फिरवून चर पडलाय का बघितलं, नव्हता. नव्या सिलाची स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडं केली, ओठाला ग्रीस लावलं अन् लाकडाचा ठोकळा ठेवून गोल गोल फिरत सारखं ठोकलं. लायनर मात्र दोन्ही चाकांना नवे घातले. "भिजलेलं लायनर कितीबी जाळा, तापलं की पोटातलं तेल वर येतंच. अन् एकाच बाजूला नवं घातलं तर गाडी पुन्हा ओढल." तेल लेव्हलच्या भोकापर्यंतच भरलं, थेंबभर जास्त नाही.

दादा एवढा वेळ टायरवर बसून होते. शेवटी म्हणाले, "मामू, मला ठाऊक होतं गळायलंय ते. बाकीपायी आलो नाही."

मामू हात पुसत म्हणाले, "बाकी वेचणी झाल्यावर द्या. ती कुठं पळती?"

कापूस विकल्यावर दादांनी घरी यायच्या आधी मामूंचे पैसे चुकते केले. त्यानंतर दरवर्षी पोळा झाला की ते तारेचा ब्रश घेऊन गाडीखाली जायचे. पुढं काही वर्षांनी जीप विकली. घेणारा कागदपत्रांसाठी हात पुढं करून उभा होता. दादांनी कागद खिशातच ठेवले, पाठीवर झोपून त्याला गाडीखाली बोलावलं अन् आधी ती टोपी दाखवली.