क्लच दाबला की आवाज कुठे जातो?

गिऱ्हाईक गाडी घेऊन येतं आणि आवाजाची नक्कल करून दाखवतं. कुणी ‘घूंऽऽ’ करतं, कुणी ‘खर्रर्र’, कुणी स्टिअरिंगवर बोटं वाजवून ‘टकटक’. मी ते मन लावून ऐकतो, पण माझा पहिला प्रश्न वेगळा असतो : क्लच दाबल्यावर आवाज थांबतो, की तेव्हाच सुरू होतो? बहुतेकांकडे उत्तर नसतं, कारण हे बघायचं असतं असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. गिअरबॉक्सच्या कामात आयुष्य गेल्यावर माझं मत पक्कं झालंय. आवाज कधी येतो आणि कधी बंद होतो, यातच निम्म्याहून जास्त निदान असतं, आणि ते एकही बोल्ट न सोडता ड्रायव्हरच्या सीटवरून होतं.

त्यासाठी आत काय चालतं ते थोडं माहीत हवं. आजच्या गाड्यांत पुढच्या सगळ्या गिअरचे दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा आत एक स्लीव्ह सरकते आणि हवं ते चाक शाफ्टला जखडून टाकते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असली तरी, क्लचवरून पाय काढलेला असेल तोवर इंजिन इनपुट शाफ्टला फिरवत राहतं. पॅडल दाबलं की इंजिनशी संबंध तुटतो, शाफ्ट थांबतो आणि त्याच वेळी रिलीज बेअरिंगवर भार येतो. म्हणजे पाय वर असताना एका बाजूचे भाग बोलतात, पाय खाली असताना दुसऱ्या बाजूचे.

गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, एसी आणि रेडिओ बंद करा, काचा खाली घ्या. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. आता पॅडल सावकाश दाबा आणि सावकाश सोडा. पाय वर असताना घरघर आणि दाबताच शांतता, तर पहिला संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. दाबल्यावर करकर सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग. हे दुसरं बेअरिंग गिअरबॉक्सच्या बाहेर, क्लचपाशी असतं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण उघडावा लागत नाही. उतरवणं आणि उघडणं यांतला खर्चाचा फरक मोठा आहे, आणि गाडीवाल्याला तो आधी सांगायलाच हवा.

इथे एक फसवी जागा आहे. डिझेल गाडी गरम झाली की न्यूट्रलमध्ये हलकी खडखड ऐकू येते, आणि तीही क्लच दाबताच थांबते. लगेच ‘बेअरिंग गेलं’ असं म्हणू नये. इंजिनच्या धक्क्यांनी मोकळे फिरणारे दाते एकमेकांवर आपटतात, त्याचाही हा आवाज असू शकतो. रेस थोडी वाढवून बघा. दात्यांची खडखड विरून जाते. खराब बेअरिंगची घरघर मात्र रेसबरोबर चढत जाते. एवढी साधी खात्री न करता उघडलेले गिअरबॉक्स माझ्याकडे येतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. त्या माणसाचे पैसे गेलेले असतात आणि आवाज होता तिथेच असतो.

चालत्या गाडीत प्रश्न बदलतो. आवाज एकाच गिअरमध्ये येतो की सगळ्यांत? एकाच गिअरमध्ये असेल तर त्या जोडीचे दाते. सगळ्यांत असेल तर बेअरिंग किंवा डिफरन्शियल. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण तिच्यावर हात बसलेल्या मिस्त्रीला आणखी एक खूण पाठ असते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या त्या गाडीत चौथा गिअर थेट होता. इनपुट आणि आउटपुट शाफ्ट एकमेकांना जोडले जायचे आणि खालच्या ले-शाफ्टवरचा भार उतरायचा. पहिल्या तीन गिअरमध्ये आवाज आणि चौथ्यात शांतता, म्हणजे दोष ले-शाफ्टकडे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या घरोघर पोचल्या. त्यांच्या गिअरबॉक्समध्ये असा थेट गिअर नसतो, त्यामुळे तिथे ही खूण लावू नका.

गिअरबॉक्सवर नाहक आळ येतो तो चाकांच्या बेअरिंगमुळे. वेगाबरोबर वाढणारी घूंघूं असेल तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर इंजिन चालूच ठेवून क्षणभर न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि क्लच सुटले. मग गाडी हलकेच डावीकडे घ्या. भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजव्या बाजूचं बेअरिंग आधी बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना टकटक होत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडताना ‘धप्प’ झालं तर आधी माउंटिंग.

रिव्हर्समधला घूं आवाज घेऊन पुष्कळजण धास्तावून येतात. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सचे दाते सरळ कापलेले असतात, पुढच्या गिअरसारखे तिरके नसतात. सरळ दाते आवाज करणारच. रिव्हर्स टाकताना ‘खर्रर्र’ होणं मात्र वेगळं. क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग टाका. तरीही खरखरला तर क्लच नीट सुटत नाहीये. केबल किंवा क्लचचं ऑइल बघायला हवं. पुढचा एखादाच गिअर खरखरत असेल तर त्याची सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारी कडी, झिजली आहे.

ऑइलकडे आपल्याकडे अक्षम्य दुर्लक्ष होतं. पुस्तिकेत जीएल-४ प्रतीचं ऑइल लिहिलेलं असताना जीएल-५ ओतलं, तर त्यातली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना मानवतीलच असं नाही. त्याहून वाईट म्हणजे पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जाण्यायेण्याच्या छिद्रातून, पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाळ होतं, बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडतात. इंजिन धुऊनपुसून सुरू होतं, गाडी चालते, आणि घरघर काही आठवड्यांनी सुरू होते. तोवर मालकाला पाण्याची आठवणही नसते. पावसाळ्यात गाडी चाकाच्या मध्यापर्यंत बुडाली असेल तर आवाजाची वाट न बघता ऑइल बदला.

दिवाळीत घाट चढून गावी जायचं असेल तर माझा हिशेब असा. नुसतं रिलीज बेअरिंग करकरत असेल आणि गिअर नीट पडत असतील, तर जवळची कामं उरकून घ्या आणि मग गाडी लावा, पण हाफ क्लचवर चालवू नका. इनपुट शाफ्टच्या बेअरिंगला थांबवू नका. त्यात खेळ आला की शाफ्ट डुलतो आणि चांगले दातेही कुरतडले जातात. ऑइल काढताना ड्रेन प्लगवर चुंबक असेल तर तो पुसण्याआधी बघा. करडी, मऊ लुगदी ही रोजची झीज आहे. बोटाला टोचणारा तुकडा सापडला, तर गाडी टोइंगवर घाला. त्या गिअरबॉक्सला उघडण्याशिवाय इलाज नाही.