एकच पुस्तक, दोन वेग

माझी बायको नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, ख्रिस्ती घरातली. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडचा, घरात रोज हरिपाठ. पुण्यात एकाच टीममधे बग्ज सोडवता सोडवता जमलं आणि रजिस्टर लग्न झालं. "धर्माचं काय?" हा प्रश्न दोन्ही घरांनी विचारला. आम्ही तो 'नंतर बघू' म्हणून बाजूला टाकला. आमच्या धंद्यात याला बॅकलॉग म्हणतात.

गेल्या वर्षी तिने एका बायबल अभ्यासवर्गाचं नाव काढलं. एकदम इंटेन्सिव्ह. सहा वीकेंड, शुक्रवार रात्र ते रविवार दुपार. शेवटी प्रत्येकाने एक भाग वर्गाबाहेरच्या कुणाला तरी शिकवायचा. म्हटलं चला, ही काय वाचत मोठी झाली ते तरी कळेल.

मला तर मजाच यायला लागली. मत्तय, मार्क आणि लूक ही तीन शुभवर्तमानं शेजारी शेजारी ठेवून वाचायची, कोणी काय जास्त सांगितलं, कोणी काय गाळलं ते बघायचं. सरळ डिफ काढायचा! मी सारखा हात वर करून शंका विचारायचो. बायको मात्र गप्प. माझ्यासाठी जो मजकूर होता, ती तिची लहानपणापासूनची प्रार्थना होती.

तिसऱ्या रविवारी घरी येताना ती म्हणाली, "तुला हे पटणार नाही अशी भीती वाटते रे. पण त्याहून जास्त भीती वाटते ती, तू माझ्यासाठी म्हणून पटवून घेशील याची."

यावर काय बोलणार? त्या आठवड्यात मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' परत काढली. शाळेत धडा होता म्हणून आपण सगळे ते हसत हसत वाचतो. या वेळी वेगळंच वाचलं गेलं.

1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. टिळक वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथेच अडकले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायको माहेरच्या माणसांत होती. तिच्यापर्यंत पोचली ती फक्त बातमी. ती वाचताना आजही पोटात खड्डा पडतो.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या त्या आपलं सोवळं घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. जातपात ही माणसाने केलेली आहे, हे त्यांना पटलं ते स्वतःच्या डोक्याने विचार करून, नवऱ्याच्या व्याख्यानाने नव्हे. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा. म्हणजे त्याच पुस्तकाला नवऱ्याच्या बाबतीत दोन वर्षं लागली, बायकोच्या बाबतीत आणखी पाच. आणि टिळक तर पुढे सेमिनरीत शिकवणारे गृहस्थ!

असो. माझ्या वाट्याला शिकवायला आला पेरणाऱ्याचा दाखला. विद्यार्थिनी कोण, तर माझी आई. रोवणीच्या दिवसांत आम्ही दोघं नागभीडला गेलो. बांधीच्या धुऱ्यावर बसून मी गोष्ट सांगितली. एक माणूस बी पेरायला निघाला. काही वाटेवर पडलं ते पाखरांनी खाल्लं, काही खडकाळ जागी उगवून करपलं, काही काट्यांत गुदमरलं. चांगल्या जमिनीतलं मात्र तीसपट, साठपट, शंभरपट आलं.

आई लगेच म्हणाली, "आवत्या फेकला होता का त्यानं? मंग असंच होईन. आपण पऱ्हे टाकून रोवतो."

माझा सगळा प्रेझेंटेशनचा फ्लो गेला. बायको पुढे सरकली आणि तिने विचारलं, "आई, रोवल्यावर लगेच धरतं का ते?"

"नाही वं. उपटून लावलं का आठ-दहा दिवस पिवळं पडते. तवा त्याले हात लावाचा नाही. बांधीत पाणी तेवढं ठेवाचं."

दोघी बराच वेळ बोलत बसल्या. मला त्यात फारसं काम नव्हतं. रात्री जेवताना आईने मला एकटं गाठून विचारलंच, "तू बी आता तिकडंच जाशीन का?" मी म्हटलं, "माहीत नाही आई. मला कोणी घाई नाही केली." तिने मान हलवली आणि ताटात आणखी भात वाढला.

टिळकांनी ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध लिहायला घेतलं होतं, 'ख्रिस्तायन'. 1919 साली ते गेले तेव्हा जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे साठाहून जास्त लिहिले शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी. उशिरा आलेल्या विद्यार्थिनीने मास्तरांचं पुस्तक पुढे नेलं. त्या पाच वर्षांत कोणी त्यांना ओढून नेलं असतं तर हे झालं असतं का? मला नाही वाटत.

आमचा अभ्यासवर्ग संपला. बायको रविवारी चर्चला जाते. मी कधी जातो, कधी घरी भाजी निवडत बसतो. त्यावरून आता घरात शांतता ताणली जात नाही, एवढं खरं.

धान कापणीला परत जायचंय. आईने फोनवर विचारलं, त्या पुस्तकात आणखी शेतीच्या गोष्टी आहेत का. बायको म्हणाली, "आहेत ना, आई. बऱ्याच आहेत."