स्ट्राउडच्या खोऱ्यांतील हिरवळ

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून निघालेली आगगाडी सुमारें दीड तासांत ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउड या गांवीं पोंचते. आमचा पुतण्या तेथें नोकरीनिमित्त राहतो. गेल्या वैशाखांत त्याच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आम्हांस आला.

हें खोरें एके काळीं लोकरी कापडाच्या गिरण्यांनीं गजबजलेलें होतें. विणलेल्या कापडावरची लव फिरत्या पात्यांनीं कातरणारीं यंत्रें त्या गिरण्यांत चालत. जवळच्या थ्रप येथील एडविन बडिंग या कारागिरानें तीच युक्ति गवतास लावली व १८३० सालीं तिचें पेटंट मिळविलें. गांवच्या संग्रहालयांत त्या घडणीचें जुनें यंत्र पाहतांना आम्हांस मोठें कौतुक वाटलें. पेट्रोलचें यंत्र मात्र १९०२ सालीं इप्स्विचच्या रॅन्सम्स कारखान्यांतून विक्रीस आलें.

तें कौतुक घरीं परततांच ओसरलें. पुतण्याचें अंगण मोठें, पण टेंकडीच्या उतारावर. गवत पावसानें भिजलेलें. तें त्याच्या जुन्या पेट्रोलयंत्राच्या पोटांत अडकलें. त्यानें इंजिन बंद करून गुठळी काढण्यास हात आंत घातला, तोंच इंजिनांत कोंडलेल्या दाबानें पातें झटक्यासरशीं अर्धा फेरा फिरलें. नखावर निभावलें, बोटें वांचलीं. सूनबाईचा चेहरा पांढरा पडला. ती एवढेंच म्हणाली, "काका, आतां तुम्हीच यांना सांगा."

दुसरे दिवशीं नवें यंत्र पाहण्यास गेलों. दुकानदार जाणता होता. त्यानें किंमतीआधीं अंगणाची चौकशी केली. लहान, सपाट हिरवळीस पेट्रोलचा खटाटोप व्यर्थ. तेथें विजेचें यंत्र पुरतें. मोठ्या, उताराच्या जागेस मात्र इंजिनानेंच फिरणारीं चाकें हवींत. मागें रूळ असल्यास हिरवळीवर सुरेख पट्टे उमटतात. ती हौसेची बाब. उतारावर यंत्र वरखालीं न नेतां आडवें चालवावें, म्हणजे पाय घसरला तरी तें अंगावर येत नाहीं.

निगा फारशी अवघड नाहीं. दर वेळीं तेलाची पातळी पाहावी, पेट्रोल इंजिन गार असतांनाच भरावें, हवेची गाळणी स्वच्छ ठेवावी. २०२१ पासून तेथील साध्या पेट्रोलांत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. तें ओलावा शोषतें. म्हणून हिवाळाभर जुनें पेट्रोल टाकींत राहूं देऊं नये, नाहीं तर वसंतांत यंत्र हटून बसतें. सर्वांत महत्त्वाचें हें कीं, पात्याजवळ जाण्यापूर्वीं स्पार्क प्लगची तार काढावी, आणि तरीहि गवत काठीनेंच ओढावें.

निघतांना पुतण्यास आम्ही इतकेंच सांगितलें, "तुझी आजी विळी उभी ठेवून कधीं उठत नसे, हें आठव." तो हंसला, परंतु यंत्राकडे वळल्यावर त्याचा हात प्रथम त्या तारेकडेच गेला.