कोजागरीचे यजमानपद

केळझर, आश्विन शुद्ध पौर्णिमा.

सिद्धिविनायकाच्या टेकडीखाली, जिथे लोकश्रद्धा महाभारतातील एकचक्रानगरी वसलेली मानते, त्या आमच्या गावी आज कोजागरीचा सारा बंदोबस्त माझ्याकडे होता. आणि दूध, साखर, चारोळी, वेलदोडे यांची तजवीज करता करता मनोमन पटले की, देवाचे अंगण तान्ह्या बालकापासून वृद्धापर्यंत सर्वांना निःसंकोच सामावून घेते, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने देवाचे होते.

भाद्रपद पौर्णिमेपासून घरोघर गाणी म्हणणाऱ्या मुलींनी ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर उभारून पार्वती-शंकराची लोकरूपे असलेले भुलाबाई-भुलोबा मांडले, आणि खिरापतीचा झाकलेला डबा खुळखुळवून ‘ओळखा पाहू’ असा सवाल टाकताच, एरवी मितभाषी असणारे आजोबाही ‘फुटाणे!’ म्हणून हिरिरीने पुढे सरसावले.

ज्वारीच्या धांड्यांचा हा मखर म्हणजे पिकाचाच आनंद; मराठी ख्रिस्ती मंडळींतही हंगामाच्या उपासनेस शेतातील धान्य-फळे प्रार्थनामंदिरात अर्पण करण्याचा प्रघात आहे. उपासनेचे मार्ग भिन्न असले तरी, पिकाचा आनंद एकट्याने भोगू नये, ही शिकवण मात्र एकच, आणि ती मुलांना उपदेशाने नव्हे, तर अशा पंगतीत शेजारी बसवूनच द्यावी लागते.