मागची सीट

उस्तादांनी गाडीतून काढलेला जुना शॉकअप फरशीवर उभा धरला आणि तळहातानं दांडी दाबली. दांडी सुळकन आत गेली ती आतच राहिली, वायसर गेलेल्या सायकलच्या पंपासारखी. मग त्यांनी नवा माझ्या हातात दिला. तो दाबायला मला अंगाचा भार टाकावा लागला. सोडल्यावर दांडी, भरपेट जेवून पाटावरनं उठणाऱ्या पाहुण्यासारखी, सावकाश वर आली.

"कळलं का? हे मेलेलं घेऊन फिरायलात तुम्ही. मागं कोणी बसतं का नाही गाडीत?"

"आई बसते," मी म्हणालो. उस्ताद काही बोलले नाहीत. पान्याला लागलेलं ग्रीस पुसत राहिले.

माझा आणि धक्क्यांचा संबंध बैलगाडीपासूनचा. आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. आमच्याकडं तिला गंगाच म्हणतात. बैलगाडीला स्प्रिंग नसते. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, मधे आस आणि आसावर साटा. दगडावरनं चाक गेलं की तो दगड थेट मणक्याला कळायचा. आजोबा मला बरोबर आसाच्या वर, कडब्याच्या पेंढ्या अंथरून बसवायचे. तीच गाडीतली सगळ्यात कमी झुलणारी जागा, हे त्यांना कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. आजी मात्र साट्याच्या मागच्या टोकाला, पाय खाली सोडून बसायची. आसापासून जितकं लांब, तितका झोका मोठा. ती तिथं का बसते, हे मी कधी विचारलं नाही. पुढं बैल हाकायला आजोबा, मधे नातू, उरलेली जागा तिची.

शाळेसाठी परभणीला आलो आणि गावी जाणं-येणं एस.टी.नं सुरू झालं. आम्हा पोरांची धाव शेवटच्या सीटकडं. ती सीट मागच्या चाकांच्याही मागं लोंबत असते, त्यामुळं गतिरोधक आला की बस नुसती हलते अन् शेवटची रांग उडते. आम्ही उडायचो, हसायचो, पुन्हा उडायची वाट बघायचो. त्याच रांगेत एखादी बाई पदर तोंडाला लावून, पुढच्या सीटचा दांडा गच्च धरून बसलेली असे. तिच्याकडं बघायचं वय ते नव्हतं.

पॅलिओ आली ती पुण्यात, नोकरी लागल्यावर, जुन्या बाजारातून. फियाटनं पॅलिओ आधी १९९६ साली ब्राझीलमध्ये आणली. खराब रस्त्यांच्या देशांसाठीच ती घडवलेली होती. भारतात ती २००१ मध्ये आली. जाहिरातीत सचिन, आणि पुढं त्याच्याच नावानं निघालेली एस-टेन. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या फियाट आणि पद्मिनी ज्या कुर्ल्यातून निघायच्या, त्याच कुर्ल्यातून ही निघाली. माझी होती १.६ जीटीएक्स. छोट्या अंगात सुमारे शंभर अश्वशक्तीचं इंजिन. १९७६ मध्ये जर्मनीत गोल्फ जीटीआय आली, तिच्यातही १.६ लिटरचंच इंजिन होतं. भाजी आणायच्या गाडीत शर्यतीचा जीव घालायची ती रीत आपल्याकडं पोचायला पंचवीस वर्षं लागली. पॅलिओ पेट्रोल प्यायची, पण वळणावर रस्त्याला अशी चिकटायची की कात्रजचा घाट संपू नये वाटे.

तरीही मला ती पुरेशी चिकटलेली वाटेना. पंचविशीत तसंच असतं. एका दुकानात जाऊन आखूड, कडक स्प्रिंगा बसवून घेतल्या. गाडी दीड इंच खाली बसली. मडगार्ड आणि टायर यांच्यात दोन बोटं जातील इतकीच फट उरली, आणि त्या फटीचे मी फोटो काढले. शॉकअप जुनेच ठेवले, कारण पैसे संपले होते. यातली चूक कळायला परभणी गाठावी लागली.

शॉकअप हे नावच फसवं आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंगला विसरता येत नाही. एकदा दबली की ती उसळते, उसळली की पुन्हा दबते. तिची ही उसळी मोडायचं काम शॉकअपचं. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. त्या भोकांतून तेल जोरानं ढकललं जातं आणि उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. खराब रस्त्यावरनं आल्यावर शॉकअपला हात लावून बघा, चांगला तापलेला असतो. स्प्रिंग दबताना तो थोडी मोकळीक देतो, उसळताना मात्र जास्त घट्ट धरतो. मी स्प्रिंग कडक केली होती आणि तिला धरणारा हात तोच म्हातारा ठेवला होता.

वडील गेल्यावर मी परभणीला परतलो, गाडीही आली. इथं रस्त्याखाली काळी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. वरचं डांबर तिच्यासोबत वर-खाली होतं, आणि सपाट दिसणाऱ्या रस्त्यावर लाटा तयार होतात. खड्डा दिसतो, लाट दिसत नाही. स्प्रिंगवर उभी असलेली साधी मोटार सेकंदाला एक ते दीड वेळा झुलते, हा तिचा स्वतःचा ठेका. साठच्या वेगात दहा-पंधरा मीटरवर एकेक लाट आली की रस्त्याचा ठेका आणि गाडीचा ठेका जुळतो. झोक्याला वेळेवर धक्का द्यावा तसा झोका वाढत जातो. आखूड, कडक स्प्रिंगांची गाडी जराशी जास्त जलद ठेक्यात झुलायची, आणि आतल्या रबरी गुटक्यांवर आदळायची. मला ते 'रस्ता जाणवतो' असं वाटायचं.

मौरिस ऑली नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १९३० च्या दशकात अमेरिकेत, जनरल मोटर्समध्ये या झोक्यांचा अभ्यास केला. त्यानं सांगितलेली गोष्ट साधी आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकाला भेटतो, मग मागच्या. पॅलिओच्या दोन आसांत सुमारे २.४ मीटर अंतर. साठच्या वेगात मागचं चाक त्याच उंचवट्यावर सेकंदाच्या सातव्या हिश्शात पोचतं. तेव्हा मागची बाजू पुढचीपेक्षा थोडी लवकर झुलली पाहिजे, म्हणजे ती पुढचीला गाठते आणि दोन्ही टोकं मिळून वर-खाली होतात. नाही तर गाडी समोरून मागं डुलते, होडीसारखी. यात चालवणाऱ्याला फारसं कळत नाही. त्याच्या हातात स्टिअरिंग असतं, नजर रस्त्यावर असते, अंग आधीच सावरलेलं असतं. चालवणाऱ्याला धक्का सहसा अचानक बसत नाही. तो बसतो मागं.

आईच्या मणक्यात गॅप आहे. महिन्यातून एकदा तिला नांदेडला दाखवायला न्यावं लागतं. ती डाव्या बाजूला मागं बसते, कारण पुढच्या सीटवर फायलींची पिशवी, पाण्याची बाटली आणि तिच्या मते 'मोठ्या माणसांनी' बसायचं असतं. तीन वर्षं मी तिला विचारत आलो, "त्रास होत नाही ना?" आणि ती सांगत आली, "गाडीत कसला त्रास रे."

उस्तादांच्या प्रश्नानंतर मी मागचं दार उघडून तिच्या जागेवर जाऊन बसलो. स्वतःच्याच गाडीत तिथं पहिल्यांदा बसत होतो. हात आपोआप वर गेला, दारावरच्या मुठीकडं. मूठ खुळखुळत होती. एक स्क्रू गळून पडलेला, दुसरा अर्धा बाहेर आलेला, प्लास्टिकची दाणेदार कातडी घासून गुळगुळीत झालेली. पलीकडच्या दाराची मूठ नव्यासारखी घट्ट होती.

मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झालेल्या गाडीचा माल जमवणं म्हणजे सोयरीक जमवण्यासारखं. पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानात समोरचे शॉकअप मिळाले होते, मागचे दिल्लीच्या काश्मिरी गेटवरनं आले होते. गॅसचे घेतले होते, आत नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळं सारखं हिंदकळूनही तेलाला फेस येत नाही. आखूड स्प्रिंगा काढून मूळ उंचीच्या मागवल्या. दुकानदारानं फोनवर विचारलं, "गाडी वर उचलायला? लोक खाली बसवतात." मी म्हणालो, परभणीत आहे.

काम दोन दिवस चाललं. स्प्रिंग दाबायच्या आकड्यांपाशी उस्ताद स्वतः बसले. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस घेऊन जाते. बुश बदलून झाल्यावर पोऱ्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरून बोल्ट आवळायला लागला, तसे ते ओरडले, "हवेत नको आवळू! चार चाकांवर उभी राहू दे, मग आवळ." चाक लोंबत असताना बोल्ट कसला की आतलं रबर त्याच तऱ्हेनं धरून बसतं, गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. पुण्यात माझ्या गाडीचं सगळं हवेतच आवळलं गेलं असावं.

"बघा चालवून," उस्तादांनी किल्ली पुढं केली.

"तुम्ही चालवा," मी म्हणालो, आणि मागं जाऊन डावीकडं बसलो. गंगाखेड रोडला त्यांनी साठ धरला. लाट आली, गाडी वर गेली, खाली आली आणि झालं. दुसरी उसळी नाही. वळणावर पूर्वीपेक्षा थोडी झुकली. पंचविशीतल्या मला ते खटकलं असतं. परतल्यावर उस्तादांनी मुठीचे दोन स्क्रू न सांगता बसवले आणि बिलात धरले नाहीत.

पुढच्या खेपेला नांदेडला निघालो. घरनं निघताना आईनं पिशवीत कापूस घेतला होता, हे मला माहीत नव्हतं. बराच वेळ मागनं काही आवाज नाही म्हणून आरशात पाहिलं. मूठ रिकामी होती. आईच्या मांडीवर स्टीलचा डबा, आणि दोन्ही हातांनी ती वाती वळत होती. पन्नासेक तरी झाल्या असतील. मी काही बोललो नाही, फक्त उगाच थोडा वेग वाढवला.

पुढं एक पूल लागला. पुलाच्या सांध्यावर चाकं दोनदा टकटकली.

"हळू रे," ती मान वर न करता म्हणाली, "वात तुटली बघ."