कोरे पत्र आणि पारपत्र

जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगर नावाचे तालुक्याचे गाव आहे. जुन्या कागदपत्रांत त्याचे नाव एदलाबाद असे आढळते. गावाजवळ कोथळी येथे संत मुक्ताबाईंचे जुने मंदिर आहे. आणि तेथून थोड्या अंतरावर, तापी व पूर्णा या दोन नद्या जेथे एकमेकींस भेटतात, तेथे चांगदेवाचे प्राचीन दगडी देवालय उभे आहे. संगमाचे विस्तीर्ण पाणी, काठावरील काळसर दगड आणि घाटावर टेकलेल्या होड्या पाहिल्या, म्हणजे या भागातील आबालवृद्धांच्या तोंडी असलेली एक कथा सहज आठवते.

चांगदेव हे मोठे योगी. त्यांनी चौदाशे वर्षे तप केले, अशी परंपरा सांगते. ज्ञानदेवांची कीर्ती कानी आली, तेव्हा भेटीस जाण्यापूर्वी त्यांना पत्र लिहावे असे चांगदेवांच्या मनात आले. परंतु आरंभ कसा करावा? वयाने आपण मोठे, म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने समोरचा मुलगा मोठा. नमस्कार लिहावा, तर वयाचा मोठेपणा आड येतो. शेवटी त्यांनी कोराच कागद शिष्याच्या हाती पाठवून दिला. तो पाहून चिमुकल्या मुक्ताईने म्हटले म्हणे, की एवढे तप करूनही हे योगिराज कोरे ते कोरेच राहिले! ज्ञानदेवांनी मात्र त्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर धाडले. तेच ‘चांगदेव पासष्टी’ या नावाने प्रसिद्ध आहे.

ही कथा अध्यात्माची खरी. तथापि तिच्यात व्यवहाराचाही एक प्रश्न दडलेला आहे. परक्याच्या दारी जावयाचे, तर आपली ओळख आधी कशी पोहोचवावी? आणि दारात उभ्या असलेल्या परक्याचे स्वागत करण्यापूर्वी घरधन्याने त्यास काय काय विचारावे?

पूर्वी गावाच्या वेशीवर जागल्या असे. तिन्हीसांजेला अनोळखी वाटसरू दिसला, की तो हटकून विचारी : कोण? कुठले? कोणाकडे? मुक्काम किती? वाटसरूने गावातील कोणाचे नाव घेतले, की वाट मोकळी होई. नाव घेण्यासारखे कोणी नसेल, तर त्याची रवानगी चावडीवर पाटलाकडे होई. जागल्यास लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु आज विमानतळावरील अधिकारी जे प्रश्न विचारतो, ते यांहून फारसे निराळे नाहीत.

राज्याच्या पातळीवर हीच व्यवस्था किती जुनी आहे, हे कौटिल्याच्या अर्थशास्त्रावरून दिसते. त्यात ‘मुद्राध्यक्ष’ नावाच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. एक माषक घेऊन त्याने प्रवाशास मुद्रा द्यावी, आणि ती मुद्रा ज्याच्यापाशी असेल त्यानेच जनपदात यावे किंवा बाहेर जावे, असा तो नियम होता. स्वदेशीय माणूस मुद्रेवाचून सापडला, तर त्यास बारा पण दंड होई. खोटी मुद्रा दाखविणाऱ्यास त्याहून अधिक दंड. आणि तो खोटेपणा परदेशीयाने केला असेल, तर सर्वांत मोठा. मुद्रा तपासण्याचे काम कुरणांवरील अधिकाऱ्याकडे असे. कारण उघड आहे. चोरवाटेने येणारा राजरस्ता टाळतो आणि रानातून येतो.

खानदेशाच्या वाटेने परदेशी पाहुणे शेकडो वर्षे ये-जा करीत आले आहेत. सुरतेस उतरावे, तापीच्या खोऱ्यातून वर चढावे, बुऱ्हाणपूर गाठावे आणि तेथून उत्तरेस वळावे, असा तो मार्ग होता. या वाटेने गेलेल्या पाहुण्यांत सर टॉमस रो याची हकीकत विशेष मनोरंजक आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील म्हणून तो जहांगीर बादशहाकडे निघाला होता. 1615 च्या सप्टेंबरात तो सुरतेजवळील सुवाली येथे किनाऱ्यावर उतरला, आणि पहिलाच खटका उडाला तो झडतीवरून. उतरणाऱ्या इंग्रजांचे खिसेसुद्धा चाचपून पाहण्याची तेथील जकात-अधिकाऱ्यांची रीत होती. रो म्हणाला, “मी व्यापारी नव्हे. राजाचा वकील आहे. माझ्या अंगास कोणी हात लावता कामा नये.” अधिकाऱ्यांना अशा वकिलाची सवय नव्हती. पुष्कळ वादावादी झाली. रो हा मनुष्य स्वभावाने ताठ होता, यात शंका नाही. परंतु त्या अधिकाऱ्यांसही दोष देता येत नाही. परक्या जहाजातून कोण काय घेऊन उतरतो हे पाहण्यासाठीच तर त्यांना तेथे बसविलेले होते! पाहुण्याचा मान आणि घरधन्याचा अधिकार यांची ती ओढाताण होती. आणि दोन्ही बाजूंना आपापल्या परीने आधार होता.

सुमारे महिनाभर सुरतेत अडकून पडल्यावर रो निघाला. नंदुरबार, थाळनेर, चोपडे, रावेर अशी त्याच्या मुक्कामांची नावे आहेत. चोपड्यास गावाबाहेर तंबू ठोकले असता डोंगरातील लुटारूंच्या भयाने सरकारी तीस स्वार आणि वीस बंदूकवाले रात्रभर त्याच्या पहाऱ्यास उभे राहिले. ज्या राज्याने दारात त्याची झडती मागितली, त्याच राज्याने वाटेत त्याच्या जिवाची काळजी वाहिली. पाहुणा एकदा आत घेतला, की त्याचे रक्षण करण्याचे ओझेही यजमानाच्या शिरावर येते. खानदेशातील खेड्यांचे वर्णन मात्र रोने काही फारसे गोड केलेले नाही. मातीची घरे त्याच्या डोळ्यांत सलली. खानदेशचे ऊन झेलायला मातीच्या भिंतीच बऱ्या, हे त्यास कोण सांगणार!

14 नोव्हेंबर रोजी तो बुऱ्हाणपुरास पोहोचला. तेथे जहांगिराचा पुत्र शाहजादा परवीझ याचा मुक्काम होता. दरबारात शिरताना एका अधिकाऱ्याने रोला सांगितले, की डोके जमिनीस टेकवून मुजरा करावा लागेल. रोने उत्तर दिले, की मी शाहजाद्याचा मान राखण्यास आलो आहे. सेवकांची रीत मला लागू नाही. तो आपल्या देशाच्या पद्धतीने लवला. पुढे त्याने बसावयास आसन मागितले. ते मिळाले नाही, कारण तेथे कोणीच बसत नसे. तेव्हा त्यास एका खांबाला टेकून उभे राहण्याची मुभा देण्यात आली. काही पाहुण्याने सोडले, काही यजमानाने. आणि बुऱ्हाणपुरात इंग्रजांनी वखार घालावी, अशी परवानगी शाहजाद्याने दिली. त्या परवानगीतून पुढे काय काय उद्‌भवले, हे इतिहासाच्या पुस्तकात वाचावयास मिळतेच. दारातील प्रश्न किती महत्त्वाचा असतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

एवढे सारे असूनही, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील पुष्कळ देशांची दारे सामान्य प्रवाशास बरीच सताड होती. डॉ. आनंदीबाई जोशी 1883 साली कलकत्त्याहून निघून न्यूयॉर्कला पोहोचल्या, तेव्हा अमेरिकेत उतरण्यास आजच्यासारखा व्हिसा लागत नसे. 1914 साली पहिले महायुद्ध पेटले आणि चित्र पालटले. जो तो देश परक्याकडे हेर म्हणून पाहू लागला. युद्ध संपले, परंतु कागद राहिले. 1920 साली पॅरिसला राष्ट्रसंघाची परिषद भरून पारपत्राचा नमुना ठरविण्यात आला, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्यांसाठी पारपत्राचा कायदा झाला.

कायद्याच्या त्या दाराशी एका मराठी माणसास किती वर्षे ताटकळावे लागले, याची कथा हृदयाला चटका लावणारी आहे. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे मूळचे वर्ध्याचे. देशाच्या स्वातंत्र्यासाठी तरुणपणीच ते परदेशी गेले, गदर चळवळीत सामील झाले, महायुद्धाच्या धामधुमीत इराणात लढले. खरे नाव सांगणे म्हणजे कैदेत पडणे, म्हणून नाव बदलून त्यांना वावरावे लागले. पुढे मेक्सिको देशाने त्यांना आसरा दिला. चापिंगो येथील कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले आणि मका व गहू या पिकांवर त्यांनी मोलाचे संशोधन केले. त्या देशाच्या शेतकऱ्यांसाठी ते झिजले. पण मन वर्ध्याकडे लागलेले. मायदेशी येऊ द्यावे, ही त्यांची विनंती ब्रिटिश सरकारने नाकारली. जगातल्या एका टोकाच्या देशाने ज्यास घरात घेतले, त्यास स्वतःच्या घराचे दार बंद होते! ते उघडले 1947 नंतर. उतारवयात ते परतले, नागपुरास राहिले, आणि 22 जानेवारी 1967 रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

याच्या उलट, ज्यांना परत जाण्यास देशच उरला नव्हता, अशी माणसेही महाराष्ट्राच्या दारी आली आहेत. दुसऱ्या महायुद्धात पोलंडवर जर्मनी आणि रशिया यांनी झडप घातली. हजारो पोलिश कुटुंबे रशियाच्या गोठलेल्या मुलखात हाकलली गेली. तेथून सुटून, इराणमार्गे, त्यांतील कित्येक हिंदुस्थानात पोहोचली. 1943 साली कोल्हापूरजवळ वळिवडे येथे त्यांच्यासाठी छावणी उभारली गेली. सुमारे पाच हजार माणसे तेथे राहिली. त्यांत बायका आणि मुलेच अधिक. कोठून आलात, याचे उत्तर त्यांच्यापाशी होते; परत कधी जाणार, याचे नव्हते. पंचगंगेच्या खोऱ्यात त्या मुलांनी शाळा शिकली, प्रार्थना म्हटल्या, सण साजरे केले. ज्यांना बर्फाखेरीज काही ठाऊक नव्हते, त्यांनी कोल्हापूरचा धुवाधार पाऊस पाहिला. युद्धानंतर ती पाखरे निरनिराळ्या देशांत पांगली आणि 1948 पर्यंत छावणी रिकामी झाली. पुढे म्हातारपणी त्यांतील काही जण मुद्दाम कोल्हापूर पाहावयास आले. या खेपेस त्यांच्या हाती रीतसर पारपत्रे होती.

आज अजिंठ्याची लेणी पाहण्यास येणारे परदेशी पाहुणे जळगाव किंवा भुसावळ स्थानकावर उतरताना दिसतात. त्यांच्या पाठीवर थोरले ओझे असते. परंतु सर्वांत जपून ठेवलेली वस्तू म्हणजे खिशातील एक लहानशी पुस्तिका. तिचे कार्य पुष्कळांस नीट ठाऊक नसते. पारपत्र म्हणजे हुकूम नव्हे. ती एक विनंती आहे. आपल्या भारताच्या पारपत्रातही राष्ट्रपतींच्या नावे परक्या राज्यांस विनंतीच केलेली असते, की या धारकास विनाअडथळा जाऊ द्यावे आणि गरज पडल्यास साहाय्य करावे. त्या विनंतीस समोरच्या देशाने दिलेला होकार म्हणजे व्हिसा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एवढाच, की हा कागद ‘पाहिला’. भारतात येण्यासाठी बहुतेक परदेशीयांना तो घ्यावा लागतो. नेपाळ आणि भूतान या शेजाऱ्यांच्या नागरिकांस मात्र त्याची गरज नाही. पूर्वी त्यासाठी वकिलातीत खेटे घालावे लागत. 2014 च्या नोव्हेंबरापासून अनेक देशांच्या नागरिकांना घरबसल्या संगणकावरून अर्ज करता येतो. फिरावयास येणारा, शिकावयास येणारा, उपचारासाठी येणारा, प्रत्येकाचा व्हिसा निराळा. फिरण्याचा व्हिसा घेऊन येथे नोकरी धरता येत नाही. आणि होकार मिळाला तरी शेवटचा शब्द दारावरील अधिकाऱ्याचाच असतो. 1920, 1939 आणि 1946 या सालांचे जुने कायदे जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून परदेशीयांच्या प्रवेशाविषयी एकच नवा कायदा अमलात आला आहे.

पाहुणा उतारगृहात शिरला, की तेथील व्यवस्थापक पारपत्र मागतो. नाव, देश, व्हिसाची मुदत, कोठून आला, कोठे जाणार, हे सारे तो टिपून घेतो आणि चोवीस तासांच्या आत सरकारी नोंदणी अधिकाऱ्याकडे पोहोचवितो. नाव विचित्र, उच्चार अवघड. तरी तो एकेक अक्षर जुळवून पाहतो. वेशीवरच्या जागल्याचे काम आता त्याच्याकडे आले आहे. पाने उलटताना निरनिराळ्या देशांचे शिक्के दिसतात, आणि त्यांच्यामागे काही पाने अगदी कोरी असतात. येणाऱ्याच्या पारपत्रात दोन तरी पाने कोरी असावीत, असा नियमच आहे. यजमानास आपला शिक्का उमटविण्यास जागा नको काय? कोरा कागद पुढे करण्याची चांगदेवांची रीत अजून अगदीच लोपलेली नाही.

माघ महिन्यात, वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत, कोथळी आणि चांगदेव येथे यात्रा भरते. तेव्हा पलीकडील बुऱ्हाणपूर भागातून दिंड्या येतात. राज्याची सीमा वाटेतच लागते. परंतु ती ओलांडताना पावले थांबत नाहीत. टाळ वाजत असतो, खांद्यावर पताका असते. कोथळीच्या घरोघरी अंगणात पाण्याचे हंडे भरून ठेवलेले असतात. दारातील म्हातारी आलेल्या वारकऱ्यास एवढेच विचारते, “कोनतं गाव, बाबा?” आणि उत्तर पुरते ऐकण्याआधीच तांब्या पुढे करते.