तड्याला आडवी वाट

थर जितके घट्ट चिकटतील तितकं सिरॅमिक मजबूत होईल, असं थरांचं सिरॅमिक बनवण्याच्या कामात नव्यानं आलेल्या प्रत्येकाला वाटतं. पण एकजीव झालेले थर म्हणजे तड्याच्या लेखी एकच ठोकळा. एका बाजूनं शिरला की आरपार! धातूत तड्याच्या टोकाशी अणूंचे थर घसरतात आणि टोक बोथट होतं. सिलिकॉन कार्बाइडसारख्या सिरॅमिकला ती सोय नाही. म्हणून त्याला आडवी वाट आपणच करून द्यायची.

कुक आणि गॉर्डन यांनी १९६४ मध्ये गणितानं दाखवलं, की तड्याच्या टोकापुढे समोरचा जोड उकलणारा ताणही असतो, मुख्य ताणाच्या सुमारे एक पंचमांश. जोड पुरेसा कच्चा असला तर तडा पोहोचण्याआधीच तो उकलतो आणि तडा त्यात वळतो. १९९० मध्ये क्लेग आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन कार्बाइडच्या पातळ पत्र्यांना ग्राफाइटचा लेप दिला, ते रचून दाबले आणि भाजले. मोडायला लागणारी ऊर्जा शंभरपटीहून जास्त वाढली.

पट्टी यंत्रात वाकवून मोडताना काढलेल्या भाराच्या आलेखावर हे फार सुंदर दिसतं. साध्या पट्टीची रेघ सरळ चढते आणि एका झटक्यात शून्यावर येते. पट्टीचे दोन तुकडे उडतात. थरांच्या पट्टीत भार पडतो, सावरतो, पुन्हा पडतो. पायऱ्या उतरत जातात आणि दर पायरीला एखादा थर कट्कन मोडतो. यंत्रातून काढलेली पट्टी वाकलेली असते, पण हातात अखंड येते.

कस लागतो तो भाजण्याआधी. भुकटी आणि तिला बांधून ठेवणाऱ्या बाइंडरचा घोळ पात्याखालून ओढला की चिरोट्याच्या पोळीइतकी लवचिक फीत मिळते. तिचे तुकडे रचून दाबले, की भट्टीत हा बाइंडर साधारण २०० ते ५०० अंशांदरम्यान निघून जातो. तिथे घाई केली तर वायू थरांमध्ये कोंडतो आणि फोड येतात. मी हा टप्पा रात्रभर चालू ठेवतो. त्यात वेळ वाचवू पाहणाऱ्यांशी माझं पटत नाही.

ग्राफाइटची अडचण अशी, की गरम हवेत ते जळून जातं, आणि हे पदार्थ तर उष्णतेसाठीच हवे असतात. त्यामुळे माझा कौल त्याच सिलिकॉन कार्बाइडच्या सच्छिद्र थराला. घोळात स्टार्च मिसळायचा. तो जळाला की छिद्रं उरतात. छिद्रं कमी पडली तर तडा सरळ निघून जातो, फार झाली तर वाकवताना थर एकमेकांवरून सरकतात. शिवाय तडा थरांच्या पातळीतूनच आला तर तोच कच्चा जोड त्याला मोकळा रस्ता. चिवटपणाचा आकडा दिशा न सांगता देणं मला अप्रामाणिक वाटतं. घासून गुळगुळीत केलेल्या राखाडी पट्टीत हे थर सहज ओळखू येत नाहीत, म्हणून कापण्यापूर्वीच प्रत्येक तुकड्यावर थर ज्या दिशेनं दाबले त्या दिशेचा बाण काढायला लावतो. बाण नसलेला नमुना मी यंत्रावर चढवू देत नाही.